फावला वेळ कुणाचा? एका स्वेटरचा हिशेब

लातूरच्या मागच्या बैठकीत एक फाइल आपल्यापुढे आली. औसा आणि कंधार तालुक्यांतल्या गावांत बायकांसाठी ‘हातरंगाई आणि विणकाम वर्ग’ काढायचे. पैसा एका कंपनीच्या सामाजिक निधीतून येणार, गट आपण जमवून द्यायचे. बायका घरच्या घरी झाडपाल्याच्या रंगात लोकर रंगवतील, तिचे कार्डिगन विणतील आणि ते पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत विकले जातील. फाइलीतलं एक वाक्य मला पाठ आहे, कारण यापूर्वी दोन प्रस्तावांत मीच ते लिहिलेलं आहे: ‘महिलांच्या फावल्या वेळेचा उत्पादक उपयोग.’

बैठकीत बहुतेकींचं मत पडलं की घ्यायला काय हरकत आहे? चार पैसे मिळतात, बाई घराबाहेर पडते, कला टिकते. मी हरकत घेतली. पण नांदेडची शेवटची एस.टी. गाठायची होती, बोलणं अर्धवट राहिलं आणि ‘ताईला बायकांचं हसतं तोंड बघवत नाही’ असा एक शेरा मागे राहिला. त्या शेऱ्याला आणि फाइलीला मिळून हे उत्तर आहे. पुढच्या बैठकीत निर्णय व्हायचा आहे, त्याआधी सगळ्या गटांत यावर बोलणं व्हावं.

पहिली गोष्ट, मी विणकामाच्या विरोधात नाही. मी स्वतः विणते. आमच्या घरी दिवाळी झाली की आई लोकरीच्या लडी काढायची आणि आम्हां बहिणींपैकी एकीला दोन्ही हात पुढे धरून बसवायची. लडीचा गुंडा होईपर्यंत हात खाली करायचे नाहीत. सुलट दोन, उलट दोन ही बॉर्डर मला पाढ्यांच्या आधी येत होती. विणताना डोकं शांत होतं, हे खरं आहे. शिबिरांत, लांबलेल्या बैठकांत मी सुया घेऊन बसते हे तुम्ही पाहिलं आहे आणि त्यावरून माझी थट्टाही केली आहे. तेव्हा ‘स्त्रीवादी बाईनं सुया धरू नयेत’ असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. माझं भांडण सुयांशी नाही, दराशी आहे.

सहा वर्षांपूर्वी औसा तालुक्यातल्या एका गावात असाच वर्ग मी चालवला. संस्थेचं नाव इथे महत्त्वाचं नाही. तेव्हा मी तिथे नोकरीला होते, त्यामुळे जे झालं त्यात माझाही वाटा आहे. वर्गात बावीस जणी होत्या. सहा महिन्यांनी चौदा जणी पूर्ण कार्डिगन विणू लागल्या. एका कार्डिगनमागे बाईला चारशे रुपये मिळत. लोकर संस्थेची, सुया संस्थेच्या, बटणं संस्थेची. पुण्याच्या प्रदर्शनात त्याच कार्डिगनवर ३४०० रुपयांची चिठ्ठी पाहिली तेव्हा मला पहिल्यांदा अस्वस्थ वाटलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘मराठवाड्याच्या मायेनं विणलेलं.’

आपल्या भाषेत माया या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक माया लावायची असते, दुसरी जमवायची. या धंद्यात पहिली बाईकडून घेतात आणि दुसरी तिच्यापर्यंत पोचत नाही.

त्यानंतर मी एक काम केलं, जे खरं तर वर्ग सुरू करण्याआधी करायला हवं होतं. वही केली. छत्तीस इंच छातीचं एक कार्डिगन मी स्वतः, गावातल्या एका मावशींच्या बरोबरीनं, पहिल्यापासून शेवटपर्यंत केलं आणि प्रत्येक बैठकीची वेळ लिहून ठेवली. मावशींचा हात माझ्यापेक्षा चलाख, म्हणून इथे त्यांचेच आकडे देते. दहा नंबरच्या सुया, बॉर्डरला बारा नंबरच्या. पाठ सोळा तास. पुढचे दोन भाग अठरा तास. दोन बाह्या एकोणीस तास, कारण मुंढ्याचे टाके कमी करताना त्यांचा एकदा हिशेब चुकला आणि चार बोटं उसवावं लागलं. उसवण्याचे तासही मी धरले आहेत, कुणी नाक मुरडू नये. गवंड्याची विटांची ओळ वाकडी गेली आणि त्यानं ती पुन्हा लावली, तर त्या दिवसाचा रोज कुणी कापत नाही. गळा आणि बटणपट्टी सात तास. भाग जोडणं, शिवणं, काजं नीट करणं चार तास. विणकामाचेच हे चौसष्ट तास झाले.

आता रंगाई. ‘हातरंगाई’ हा शब्द प्रस्तावात एका ओळीत येतो, त्यामुळे ज्यांनी ती केली नाही त्यांना वाटतं की बादलीत रंग घातला, लोकर बुडवली आणि काढली. बाजारातल्या ॲक्रिलिकच्या धाग्याला पळस-डाळिंबाचा रंग धरतच नाही. त्यासाठी खरी लोकर लागते आणि खरी लोकर नखरेल असते. आधी लडी सैल बांधून घ्यायच्या. सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून धुवायच्या, चोळायच्या नाहीत. मग रंग धरावा म्हणून तुरटीचं पाणी. अर्ध्या किलो लोकरीला आम्ही साठ-सत्तर ग्रॅम तुरटी घेत होतो. त्या पाण्यात लोकर ठेवून चुलीवर हळूहळू तापवायची. उकळी फुटू द्यायची नाही, आणि तासभर त्याच आचेवर धरून ठेवायची. मग रंगाचं पाणी. कांद्याच्या सालीचा तांबूस पिवळा, डाळिंबाच्या सालीचा पिवळा, बाभळीच्या सालीचा तपकिरी. डाळिंबाच्या रंगात चिमूट-दोन चिमूट हिराकस पडलं की तोच पिवळा काळपट होतो आणि जास्त पडलं तर लोकर कडक होते. परत तासभर आच. नंतर भांड्यातच गार होऊ द्यायची. घाईनं थंड पाण्यात टाकली की लोकर आटते, गच्च होते, आणि अर्धा किलो माल मातीत जातो. आमच्या वर्गात पहिल्या महिन्यात असा दोन किलो माल गेला. तो कुणाच्या मजुरीतून कापला गेला, हे सांगायला नको.

शेवटी तीन पाण्यांत निथळणं, सावलीत वाळवणं, गुंडे करणं. आणि एवढं करूनही दोन वेळच्या रंगात फरक राहतोच. म्हणून मावशी दोन घाण्यांचे दोन गुंडे घेऊन दोन-दोन ओळी आळीपाळीनं विणत. मग फरक डोळ्याला दिसत नाही, उलट त्यात एक छटा येते. प्रदर्शनात गिऱ्हाईक त्या छटेवर भाळायचं. ही युक्ती मावशींना कुणी शिकवली नव्हती. गोधडीला जुन्या लुगड्यांचे तुकडे लावताना ज्या डोळ्यानं रंग जुळवतात, तो डोळा इथे कामी आला. सरकारी मजुरीच्या तक्त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे रकाने असतात. रंगाचा घाणा नाकानं आणि डोळ्यानं ओळखणारी बाई यांतल्या कुठल्या रकान्यात बसते? आमच्या संस्थेच्या कागदावर ती ‘लाभार्थी’ या रकान्यात होती.

रंगाईचे तास झाले नऊ. पाणी आणायला लागलेला वेळ यात नाही. दोन्ही मिळून त्र्याहत्तर तास. चारशे भागिले त्र्याहत्तर करून पाहा, तासाला साडेपाच रुपये पडतात. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्र्याहत्तर तास म्हणजे आठ तासांचे नऊ दिवस आणि वर एक तास. नुसते नऊ दिवस धरले तरी खडी फोडणाऱ्या बाईला २६७३ रुपये मिळाले असते. खडी फोडणं सोपं आहे असं मला म्हणायचं नाही. पण तिथे निदान हजेरीपट असतो आणि मजुरी बुडाली तर तहसीलवर मोर्चा नेता येतो. तो हजेरीपट कुणी दानात दिलेला नाही. १९७२ च्या दुष्काळात याच मराठवाड्यातल्या बाया हजारोंनी कामावर उतरल्या, आणि १९७७ चा रोजगार हमीचा कायदा त्यानंतर झाला.

पाण्याचा हिशेब वेगळा मांडते, कारण लातूरच्या बैठकीत तो निघाला नाही याचं मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटलं. अर्धा किलो लोकरीला एका वेळी साधारण पंधरा लिटर पाणी लागतं. धुणं एक, तुरटी एक, रंग एक, निथळणं तीन. म्हणजे एका कार्डिगनला नव्वद लिटर, पंधरा लिटरच्या सहा घागरी. २०१६ सालचा एप्रिल आठवा. मिरजेहून लातूरला आगगाडीनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली तेव्हा दहा डब्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी होतं. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. आपल्यातल्या कितीजणींनी त्या उन्हाळ्यात घागरींच्या रांगेत रात्री काढल्या! त्याच जिल्ह्यात आपण बायकांना सांगणार की सहा घागरी आणा, तापवा, रंगवा आणि ओतून द्या. घागर कुणाच्या डोक्यावर येते हे आपल्याला माहीत आहे. सरपण कोण आणतं हेही. प्रस्तावात ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द चार वेळा आहे. पाणी हा शब्द एकदाही नाही.

आणि जरा विचार करा, या कार्डिगनमध्ये आपल्या गावचं असतं तरी काय? मऊ लोकर बाहेरून येते. आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, ती घोंगडीला चालते, शहरातल्या गिऱ्हाइकाच्या अंगाला टोचते. (घोंगडीचंही तेच. सूत काढण्याचं काम बायका करतात आणि नाव मागावर बसणाऱ्याचं होतं. पण तो वेगळा लेख होईल.) नमुना बाहेरचा, बटणं बाहेरची, गिऱ्हाईक बाहेरचं. वैशाखात जिथे घराच्या पत्र्याखाली बसवत नाही तिथे लोकरीचं कार्डिगन वर्षातून दीड महिना अंगावर चढत असेल. पळस मात्र इथला खरा. पण तोसुद्धा किनवट-माहूरच्या रानातून गोंड, कोलाम, आंध बायका होळीच्या सुमाराला फुलं वेचतात तेव्हा हाती येतो, आणि त्या वेचणीचा दर प्रस्तावात कुठेच नाही. आपल्याकडचं असं दोनच गोष्टींचं भांडवल यात लागतं, पाणी आणि बायकांचे तास. दोन्हींची किंमत शून्य धरली आहे, म्हणून तर हा धंदा किफायतशीर दिसतो.

ती शून्य धरता यावी म्हणून ‘फावला वेळ’ हा शब्द आहे. केंद्र सरकारनं २०२४ साली केलेल्या वेळ-वापर पाहणीत बायका घरच्या बिनमोल कामावर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं निघालं. २०१९ च्या पाहणीत हे आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषानं नऊ मिनिटं काढून घेतली, असाही त्याचा अर्थ होतो. मावशींची वही माझ्याजवळ आहे. त्यांची विणायची वेळ रात्री साडेनऊ ते साडेअकरा, आणि पहाटे भाकरीचा तवा तापेपर्यंत. दुपारी सोयाबीनची खुरपणी. हा वेळ कुठून फावला? तो झोपेतून काढलेला आहे. मावशींचे मालक संध्याकाळी पारावर असत. तो फावला वेळ. त्याचा उत्पादक उपयोग करावा असा प्रस्ताव मी अजून पाहिलेला नाही.

आम्ही एम.एस.डब्ल्यू.ला होतो तेव्हा क्षेत्रकार्याच्या वहीत ‘महिलांसाठी उत्पन्नवाढीचे उपक्रम’ असा ठराविक मथळा असायचा आणि त्याखाली शिवण, विणकाम, पापड, मेणबत्त्या. पुरुषांसाठीच्या रकान्यात वायरमन, गवंडी, मोटार दुरुस्ती. वर्गात कुणी विचारलं नाही, मीही नाही. वास्तविक लातूर जिल्ह्यात याचं उत्तर डोळ्यासमोर उभं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. नंतरच्या घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात लातूर-उस्मानाबादच्या गावोगावी बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं. सिमेंट किती, पट्टी कशी बांधायची, अनुदानाचा हप्ता कधी मिळायचा, हे त्या गावाला समजावून सांगत आणि कामावर नजर ठेवत. गवंड्याला ‘ही ओळ काढ’ म्हणणाऱ्या बाया त्या काळात या भागानं पाहिल्या. त्यांच्या हातात कुणी सुया दिल्या नाहीत म्हणून त्यांची माया आटली नाही.

याच दोन जिल्ह्यांत हातकामाचं आणखी एक उदाहरण आहे. उदगीरला राष्ट्रध्वजाचं खादीचं कापड विणलं जातं आणि नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत त्याचे झेंडे तयार होतात. खादीतल्या मजुरीबद्दल मला गोड बोलायचं नाही. कातणाऱ्या बाईला हजार मीटरच्या गुंडीला साडेसात रुपये मिळत होते, ते १ एप्रिल २०२३ पासून दहा झाले आणि २ ऑक्टोबर २०२४ पासून साडेबारा. यात घर चालत नाही. शिवाय ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहिता बदलली, यंत्रावरच्या आणि पॉलिस्टरच्या झेंड्याला परवानगी मिळाली, म्हणजे त्या कामावरही टाच. पण खादीत निदान माप आहे. गुंडी हजार मीटरची, दर जाहीर, आणि तो कमी आहे असं म्हणून भांडता येतं. १९३५ साली अखिल भारतीय चरखा संघानं ठराव केला होता की कातणारीला आठ तासांच्या कामाच्या हिशेबानं अन्न आणि वस्त्र पुरेल एवढी मजुरी मिळाली पाहिजे, खादी महाग झाली तरी बेहत्तर. गांधींच्या आग्रहानं तो झाला आणि खादीतल्याच माणसांनी विक्री घटेल म्हणून कुरकुर केली. नव्वद वर्षं होऊन गेली. आपल्या फाइलीतली कुरकुर तीच आहे.

कायद्याचंही थोडं. विडी कामगार बाई घरी बसून विड्या वळते, तरी ती कामगार आहे हे १९६६ च्या कायद्यानं मान्य केलं. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या व्याख्येत तर, दुसऱ्यानं दिलेल्या मालावर त्याच्या विक्रीसाठी घरी काम करणारी व्यक्ती आधीपासूनच होती. इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं १९८८ च्या ‘श्रमशक्ती’ अहवालात हेच आणखी ठासून सांगितलं. घरकामगारांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार १९९६ साली झाला, भारतानं तो मंजूर केलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता आल्या. त्यांतल्या सामाजिक सुरक्षेच्या संहितेत घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे. तेव्हा ज्या बाईला संस्था लोकर देते, नमुना देते आणि माल उचलते, तिला लाभार्थी म्हणणं ही शब्दांची हातचलाखी आहे. नांदेडला उस्मानशाही मिल होती तेव्हा तिथल्या कामगाराला कुणी ‘धाग्याची आवड असलेला गृहस्थ’ म्हटलं नाही. त्याला हजेरी होती, बोनस होता, युनियन होती. त्याच गल्लीत रात्री घरात बसून सुया चालवणारी बाई मात्र ‘हौशी’.

आता माझ्या विरोधातला मुद्दा. तो बैठकीत कुणी मांडला नाही, पण औशाच्या वर्गात मांडला गेला होता. मी वहीतला हिशेब बायकांपुढे ठेवला तेव्हा एक जण, नवऱ्यानं कर्जापायी जीव दिलेली, दोन मुलांची आई, शांतपणे म्हणाली, “ताई, तुमचा हिशेब बरोबर आहे. पण तुम्ही वर्ग बंद केलात तर ते चारशेही जातील. मला दीर रानात जाऊ देत नाहीत, लोक काय म्हणतील म्हणून. विणायला कुणाची परवानगी लागत नाही.” मला उत्तर सुचलं नाही. अजूनही पूर्ण सुचलेलं नाही. दुसरी एक जण म्हणाली, “सुयांसाठी कोण येतंय इथं? तीन तास कुणी हाक मारत नाही म्हणून येतो.” हे मी विसरलेले नाही. वर्गाच्या खोलीत त्यांनी एकमेकींना जे सांगितलं ते कुठल्या शिबिरात आलं नसतं. मारहाणीच्या दोन तक्रारी त्याच खोलीतून पुढे गेल्या.

पण तीन तास निवांत बसण्याची जागा हवी असेल, तर त्या जागेचं भाडं बाईनं साडेपाच रुपये तासाच्या मजुरीतून का भरावं? खोली आपण मागू, ग्रामपंचायतीकडे मागू, भांडून घेऊ. आणि विणायला परवानगी लागत नाही याचं कारण उघड आहे. त्या कामानं घरातलं काहीच हलत नाही. बाई उंबऱ्याच्या आत राहते, पैसा इतका कमी की कुणाला धाक वाटत नाही. दिराला चालणारं काम आणि कंपनीला परवडणारं काम एकच निघावं, याचा आपण विचार करायला नको?

काहीजणी म्हणतील, दर वाढवून मागू. जरूर मागू, पण त्यातली अडचण लपवायला नको. नऊ दिवसांची मजुरी २६७३, लोकरीचे आठशे-नऊशे, वर सरपण, वाहतूक, प्रदर्शनातला गाळा. कार्डिगन पाच हजारांच्या घरात जातं. हिवाळ्यात आपल्या शहरांत रस्त्याकडेला तिबेटी विक्रेते बसतात, त्यांच्याकडे लुधियानाचा यंत्रावरचा स्वेटर त्याच्या एका छोट्या हिश्शात मिळतो. पाच हजार देणारं गिऱ्हाईक आहे, पण थोडं आहे. दोन तालुक्यांतल्या चारशे बायकांना पुरेल एवढं नाही. प्रस्तावात मात्र चारशेचाच आकडा आहे. म्हणजे खरी मजुरी दिली तर वीस-पंचवीस जणींचं कसबी काम उभं राहील, आणि चारशे जणींचं करायचं तर मजुरी मारावीच लागेल. मधला रस्ता असल्याचं भासवायचं काम आपल्यासारख्या संस्था-संघटना करत आल्या आहेत. मी केलं आहे.

म्हणून पुढच्या बैठकीत मी चार अटी मांडणार आहे. कागदावर बाईचं नाव ‘कामगार’ म्हणून येईल आणि हजेरीची वही गटाकडे राहील. दर नगावर असला तरी तो तासांवरून ठरेल आणि रोजगार हमीच्या त्या वर्षीच्या मजुरीखाली जाणार नाही. उसवण्याचे आणि वाया गेलेल्या घाण्याचे तास त्यात धरले जातील. रंगाई गावात होणार नाही. जिथे नळाचं पाणी आणि सांडपाण्याची सोय आहे तिथे ती एका जागी होईल आणि तिथे काम करणाऱ्यांना कुशल कामगाराचा दर मिळेल. आणि चिठ्ठीवर ‘मायेनं विणलेलं’ याऐवजी लागलेले तास आणि बाईला मिळालेले रुपये छापले जातील. कंपनीला हे मान्य नसेल तर फाइल परत करावी. आलेला पैसा परत पाठवायची आपल्याला सवय नाही, हे मला ठाऊक आहे. गट टिकवायला पैसा लागतो, कार्यकर्तीचं मानधन त्यातूनच निघतं, माझंही निघतं.

तोवर एक विनंती. ज्या गटांत विणकाम, भरतकाम, गोधडी, शिवण असं काही चालतं त्यांनी एका वस्तूची वही करावी. कुठल्या वेळी बसलात, कधी उठलात, मध्ये कशासाठी उठावं लागलं, पाणी किती, सरपण किती, हातात किती आलं. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या मुलीला बसवा, तिलाही हा हिशेब कळलेला बरा. औशाच्या मावशींनी आपल्या वहीत मध्ये उठण्याचं कारण प्रत्येक वेळी लिहवून घेतलं आहे. सोळा तासांच्या पाठीत त्या एकेचाळीस वेळा उठल्या. त्यांतल्या दोनदा स्वतःसाठी, पाणी प्यायला.